फौजदारीणबाईंचा खोकला

गल्लीत तिला सगळे फौजदारीण म्हणायचे; अर्थात तिच्या पाठीमागे. ती नवऱ्याला बडवते, अशी कुजबुज होती. पुरावा कानांचा: संध्याकाळी नवरा कामावरून आला, की त्यांच्या मागच्या दारी धोपाटण्याचे धपाधप आवाज आणि पाठोपाठ कुणाचं तरी घुसमटून खोकणं. मार खाणारा कण्हेल, खोकेल कशाला, हे कुणाला सुचलं नाही. चवदार बातमीतले खडे कोण निवडतो?

नवरा सिमेंटचे पत्रे बनवायच्या कारखान्यात करवतीवर होता. कुणी छेडलं, की मिशीत हसून म्हणायचा, "मार खातो म्हणून तर तब्येत टिकलीय." टिकली होतीच. खोकायची ती.

औषधाच्या बाटलीनं खोकला महिनाभर दडी मारायचा, की पुन्हा हजर. तिची जाऊ म्हणाली, कामं टाळायची नाटकं. चूल गेली, गॅस आला, उशा बदलल्या, बिचारं मांजरसुद्धा देऊन टाकलं. क्षय नाही असं निघालं तेव्हा ती आनंदानं हसली, आणि त्या हसण्यानंच खोकत खाली बसली. पुढे पाण्याची कळशीसुद्धा दोनदा टेकवल्याशिवाय ओट्यापर्यंत जाईना. श्वासच पुरेना, तिथे संसार कसा रेटायचा?

दवाखान्यात नवे डॉक्टर आले. छातीचा फोटो उजेडात धरून त्यांनी दोघा नवरा-बायकोला खोदखोदून विचारलं. बाई कारखान्यात कधी गेल्या नव्हत्या, विडीकाडी नव्हती. डॉक्टरही थकले. नर्स आमच्याच गल्लीतली, तिनं त्यांच्या कानात खबर आधीच ओतली होती. वातावरण हलकं करायला म्हणून ते म्हणाले, "नवऱ्याला मारता म्हणे तुम्ही?"

"यांना कशाला मारू? यांच्या शर्टाला मारते. पिठात लोळल्यासारखे येतात, तसला शर्ट घरात आणवतो का?"

डॉक्टरांचं हसू ओठांवरच विरलं. "रोज?"

"लग्न झाल्यापासून."

कारखान्यात नवऱ्याच्या तोंडाला फडकं असायचं, करवतीवर पाण्याची धार. शर्टावरची धूळ मात्र सुकून घरी यायची. पत्र्यात घालतात त्या ॲस्बेस्टॉसच्या केसाहून बारीक सुया तिच्यात असतात, डॉक्टरांनी सांगितलं. छातीत रुतल्या की निघत नाहीत.

"ऑपरेशन करून काढा," नवरा म्हणाला.

तशी सोय नव्हती. खोकला सैल करायचं औषध होतं, पुढे उशाशी ऑक्सिजनची टाकी होती, आणि शर्ट घरी आणायचा नाही, एवढंच होतं.

आता तो कारखान्यातच आंघोळ करून, कपडे बदलून येतो. नवरदेवासारखा स्वच्छ. एकदा तिच्या खाटेशी बसून म्हणाला, "त्यापेक्षा मलाच बडवलं असतंस गं."

"आता सांगताय," ती म्हणाली. मध्ये दम घ्यावा लागला. "आता हात उचलवतोय कुठे?"

मागच्या दारचा आवाज थांबला. फौजदारीण नरमली, असं गल्लीनं ठरवून टाकलं.

तिनं नवऱ्यावर कधीच हात उगारला नव्हता. ती त्याचा शर्ट झटकत होती, आणि ती धूळ तिच्या छातीत जात होती.