शेवटच्या रांगेतला रेडिओ

माझ्या भावाला मैदानावर सगळे ‘रेडिओ’ म्हणायचे. खरा धंदा खिडक्यांना काचा बसवण्याचा, पण काच कापताना हात चालायचे तेवढंच तोंडही चालायचं. मला त्याच्या बडबडीचा लहानपणापासून वैताग. तो घरात असला की मी कानात बोटं घालून अभ्यास केला आहे. हे आत्ता सांगताना जीभ अडखळते, पण खोटं कशाला बोलू?

वहिनीला त्याच्या बडबडीचा कधी वैताग आला नाही. एकोणिसाव्या वर्षी तापात तिची दृष्टी गेली. पुढे दोन वर्षांनी दादा तिच्या माहेरी तडकलेली काच बदलायला गेला, तेव्हा तिने सहज विचारलं, “बाहेर काय दिसतंय हो?” दादाने समोरचं झाड, त्याखालची सायकल, सायकलवाल्याची टोपी असं सगळं सांगायला सुरुवात केली. अर्ध्या तासाचं काम संध्याकाळपर्यंत लांबलं. चार महिन्यांनी लग्न झालं.

तेव्हापासून त्यांचा क्रम ठरलेला. शनिवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये सिनेमा, रविवारी मैदानावर फुटबॉल. हॉलमध्ये शेवटच्या रांगेत कोपऱ्यातल्या दोन खुर्च्या. दादा तिच्या कानाशी लागून पडद्यावरचं सांगणार आणि वहिनी डोळे मिटून ऐकणार. ती वेताच्या खुर्च्या विणते, त्यामुळे बोटांना चैन नसते. सिनेमा चालू असतानाही तिची बोटं पदराचं टोक विणत असायची. मैदानावर मात्र दादा मोठ्याने बोलायचा आणि आसपासचे, ज्यांना स्वतःला दिसत होतं तेही, कान देऊन ऐकायचे.

यंदा उन्हाळ्यात दादाचा आवाज बसला तो बसलाच. हळद-मीठ, वाफ, काढे सगळं झालं. शेवटी मी त्याला हाताला धरून मोठ्या दवाखान्यात नेलं. मी बस डेपोत हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर बसते. तोंडं उतरलेली माणसं मला रोज दिसतात. डॉक्टरांनी कागद बाजूला सारले तेव्हाच मी ओळखलं. स्वरयंत्रात गाठ होती. नुसती गाठ काढून भागणार नव्हतं, स्वरयंत्रच काढावं लागणार होतं. तारीख महिन्यानंतरची मिळाली, सोमवारची.

“बोलणं कधी सुरू होईल?” दादाने विचारलं.

“जीव वाचेल,” डॉक्टर म्हणाले. “आवाज नाही.”

बाहेर पायरीवर बसून दादाने मला शपथ घातली. “तिला मी सांगेन. तू तोंड उघडायचं नाहीस.” घरी जाऊन काय सांगितलं? “छोटीशी गाठ आहे गं. काढून टाकतील. दोन महिने घसा बसलेला राहील, मग पहिल्यासारखा.” मी चहा ढवळत राहिले. वहिनी म्हणाली, “बरं.”

मग सुरू झाला तो महिना. पानं गळायला लागली होती, सहा वाजताच अंधारून यायचं. वाचनालयात दरवर्षी या दिवसांत आठवड्याला दोन सिनेमे असतात आणि मैदानावर सामन्यांची गर्दी. दादाने ठरवलं, एकही चुकवायचा नाही. तो पडला-झडला तर असावं कोणी म्हणून मीही बरोबर जायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्या शेजारी बसून सिनेमा पाहिला आणि तिसऱ्याच सिनेमाला थक्क झाले.

पडद्यावर एका म्हाताऱ्या नावाड्याची होडी उलटली. म्हातारा बुडाला. पाण्यावर नुसती टोपी तरंगत राहिली. आणि माझा भाऊ त्या घोगऱ्या आवाजात वहिनीच्या कानाशी सांगत होता, “पोचला काठावर. थंडीने कुडकुडतोय. बायको टॉवेल घेऊन उभी आहे.”

घरी जाताना वहिनी दोन पावलं मागे होती, तेव्हा मी त्याला गाठलं. “थापा मारतोस तिला?”

“एकदाच खरं सांगितलं होतं,” तो म्हणाला. “लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी. तीन दिवस जेवली नाही.”

“आणि लोक हुंदके देतात ते?”

“आनंदाने रडतायत म्हणतो.”

इतकी वर्षं त्याने सिनेमातलं एकही माणूस मरू दिलं नव्हतं. मला हसू आलं आणि लगेच रागही आला. तो तिला घरातही तसंच फसवत होता, आणि त्या थापेत मी भागीदार होते.

मैदानावर मात्र त्याची थाप चालायची नाही. फार पूर्वी एकदा त्याने आपल्या संघाचा एक गोल मनानेच वाढवला होता. कर्ण्यावरून खरा निकाल कळल्यावर वहिनी दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती. मैदानावर खरं तेच सांगायचं, असं तिने तेव्हा वदवून घेतलं होतं.

आठवडे सरत होते. दादाचा आवाज दर सिनेमाला आणखी खरखरीत होत होता. मध्येच खोकल्याची उबळ यायची, पुढच्या रांगेतले वळून बघायचे, मी त्यांच्याकडे डोळे वटारायचे. रोज सकाळी मी दादाला विचारत होते, “सांगितलंस?” तो रोज म्हणत होता, “उद्या.” मला झोपेतही ते ‘उद्या’ ऐकू यायला लागलं. वहिनी सोमवारी दवाखान्यातल्या बाकावर त्याच्या हाकेची वाट बघत बसेल आणि हाक येणारच नाही, हा विचार मनातून जाईना.

शेवटचा रविवार उजाडला. आभाळ गच्च होतं. बाकांवर ओली पानं चिकटली होती, ती मी रुमालाने पुसली. आपला संघ पहिल्यापासून मार खात होता. दादा एकेक वाक्य तोडून तोडून सांगत होता.

“बोर्डावर काय आहे?” वहिनीने विचारलं.

“तीन-शून्य.”

“शून्य आपलं?”

“आपलं.”

वहिनीने पदर नीट केला. “आता उद्याचं सांगा.”

“काय सांगू? सांगितलंय ना, दोन महिने—”

“अहो, आपण मैदानावर आहोत.”

चेंडूला लाथ बसल्याचा आवाज आला, कोणीतरी शिवी हासडली. मी उठून जावं की बसावं, मला कळेना.

“आवाज परत येणार नाही,” दादा म्हणाला.

“दोन महिन्यांनी?”

“कधीच नाही. आतलं सगळं काढणार आहेत.”

वहिनी बाकाची कड घट्ट धरून बसली. मग ती म्हणाली, “सिनेमातल्या माणसांना तुम्ही ज्या आवाजात वाचवता ना, त्याच आवाजात मला दोन महिने म्हणालात. मला तेव्हाच कळलं.”

“म्हणजे तुला ते—”

“हॉलभर माणसं नाक शिंकरतात. आनंदाने इतकं कोणी शिंकरतं का?”

दादाने तोंड फिरवलं. मी सरळ रडले. वहिनीने माझ्या दिशेला हात केला आणि म्हणाली, “वन्सं, तुम्हालाही ठाऊक होतं. तुमच्याशी मी नंतर भांडेन.” मी तिच्याहून सहा वर्षांनी लहान. वन्सं आणि तुम्ही हे ती मला चिडवायलाच म्हणते, पण त्या दिवशी ते चिडवणं नव्हतं.

“किती मिनिटं राहिली?” तिने दादाला विचारलं.

“अकरा.”

“मग थांबलात कशाला?”

आणि तो सांगायला लागला. अकरा मिनिटं पास, धाव, आपल्या गोलकीपरचं घसरणं, चौथा गोल, सगळं. शिट्टी झाली तरी तो थांबला नाही. लोक कसे उठतायत, कोणाची छत्री उलटी झाली, माळी जाळी सोडतोय, गोलकीपर चिखलात मांडी घालून बसलाय. मैदान रिकामं झालं. मग त्याने रिकामं मैदान सांगितलं. आभाळ सांगितलं, झाडं सांगितली, तिची साडी सांगितली. शेवटी घशातून नुसती हवा येत होती, तरी वहिनी मान डोलावत होती. माळ्याने फाटक लावायचं आहे असं दोनदा सांगितलं, तेव्हा आम्ही उठलो.

ऑपरेशन झालं. जीव वाचला. तिसऱ्या दिवशी मी मोठ्या कौतुकाने बाजारातून पाटी आणि खडूची पेटी घेऊन गेले. दादाला हवं ते लिहिता येईल. पाटी त्याच्या मांडीवर ठेवली आणि आम्ही दोघं त्या पाटीकडे बघत राहिलो. वहिनीने हात फिरवून पाहिला. “छान आहे,” ती म्हणाली. “गुळगुळीत आहे.” अंध बायकोशी बोलायला पाटी आणणारी बहीण जगात मी एकटीच असेन. दादाचे खांदे गदगदा हलायला लागले. तो हसत होता. वहिनीला ते ऐकू आलं नाही. “काय झालं?” ती विचारत राहिली. “हसतोय,” मी म्हटलं. मग तीही हसली, पण जरा उशिरा.

तो तिच्या तळहातावर बोटाने अक्षरं गिरवतो. घरात चहा, औषध, दार लाव, एवढ्यापुरतं ते चालतं. सिनेमाला ते कसं पुरणार? म्हणून महिन्याभराने पुन्हा हॉलमध्ये गेलो तेव्हा वहिनीला मध्ये बसवून सांगायचं काम मी पत्करलं. मला ते जमत नाही. मी फार भराभर सांगते, मध्येच चिडते, कोण कोणाचा भाऊ ते विसरते.

त्या सिनेमात एक आजारी मुलगी होती. शेवटी ती गेली. आई तिच्या अंथरुणाची घडी घालत होती. खरं सांगू की थाप मारू, ठरेना. आसपास लोक नाक शिंकरायला लागले होते.

पलीकडून दादाने वहिनीचा हात ओढून घेतला. पडद्याच्या उजेडात त्याचं बोट तिच्या तळहातावर चाललेलं मला दिसत होतं. सावकाश, बराच वेळ. वहिनी मान खाली घालून बसली होती.

“काय म्हणतोय?” मी विचारलं.

“मुलगी बरी झाली म्हणतायत. आई तिच्यासाठी नवी चादर काढतेय.”

मी पडद्याकडे पाहिलं. “वहिनी, ते—”

“खोटं आहे, माहीत आहे मला,” ती म्हणाली. “आवाज त्यांचाच आहे पण.”

तिने मूठ मिटून मांडीवर ठेवली आणि दिवे लागले तरी ती उघडली नाही.