कडपांवरचं पाणी

सौंदडकडच्या आमच्या गावात तलावाचं पाणी धानाच्या बांध्यांत, म्हणजे बांध घातलेल्या शेताच्या तुकड्यांत, सोडायचं काम माझ्या मोठ्या भावाचं. बोलताना दर वाक्याला तो विचारायचा, "समजलं का?" बीपीची गोळी घेतली का म्हटलं, की नुसता हसायचा.

त्याच्या मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या बंद होत चालल्यात, रक्त पोचत नाही तिथला मेंदू मरतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. तो मला म्हणाला, "म्हणजे पाट बुजला, शेवटची बांधी वाळली. समजलं का?" मला समजलं, म्हणूनच भीती वाटू लागली.

काल कापलेल्या धानाच्या कडपा बांध्यांत वाळत पडल्या असताना त्यानं पाणी सोडलं. मी ओरडत धावलो, "भाऊ, कायले सोडून राहिला?"

तो भिजत्या कडपांकडे बघत राहिला. मग माझं मनगट घट्ट धरून म्हणाला, "मले काहीच समजून नाही राहिलं."