मधला डबा

अहमदपूरच्या स्टँडसमोर कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक जण बसतो. लेकीच्या लग्नाची शूटिंग असलेली जुनी डिस्क मी त्याच्याकडे नेली. वारलेले आमचे मालक चालताना दिसतात ते तेवढ्यातच. त्यानं ती यूएसबीच्या डब्यात घालून जोडली, पडद्याकडे बघितलं, काढली. दातात स्क्रू धरून पुन्हा तेच. मला वैताग आला.

"अरे, आलं की नाव पडद्यावर!"

"ते डब्याचं हाय, मावशी. डिस्कला इचारलं तर मधी डबाच बोलतोय. तिची तब्येत तिनंच सांगाय पाहिजे."

मग त्यानं डबा बाजूला ठेवून वायर थेट डिस्कला लावली. डिस्क खराब होत चालली होती. त्यानं आधी शूटिंग उतरवून घेतली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला विचारलं, "काय होतंय?" नेहमीसारखं लेकानंच तोंड उघडलं. त्याला मी बाहेर बसवलं.