जीप नीट होईपर्यंत

आयुष्यात एकच मोठी खरेदी मी स्वतःच्या अकलेनं केली. त्यानंतर आमच्या घरात मला कोणी साधी पायताणं घ्यायलासुद्धा एकट्याला पाठवलं नाही.

ऐंशी साल उलटून चारेक वर्षं झाली असतील. मी रत्नागिरीत सरकारी कचेरीत कारकून होतो आणि राहायला तासाभरावरच्या आमच्या गावी. घरामागचा चढ चढून गेलं की सडा, म्हणजे कातळाचं माळरान, आणि सड्यावर आमची साठ हापूस कलमं. ती वडिलांनी लावलेली. शाळामास्तरकीच्या पगारात त्यांनी कातळात सुरुंग लावून खड्डे पाडले होते, खालच्या मळ्यातून टोपल्यांनी माती नेऊन ते भरले होते आणि एकेक कलम पाणी घालून जगवलं होतं. आता त्यांचे गुडघे गेले होते. तीन वर्षं ते वर गेले नव्हते. बैलगाडी त्या चढावर चढत नसे. डोलीचं नाव काढलं की म्हणत, "चौघांच्या खांद्यावरून एकदाच जाईन. आताच घाई कशाला?" त्यांचं मागणं एवढंच होतं, की एकदा कलमं बघायची.

म्हणून मी जीप घेतली. स्कूटरसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं वाट बघत असत त्या दिवसांत कारकुनानं जीप घ्यावी, याचं मला स्वतःलाच फार कौतुक वाटत होतं. लष्कराच्या लिलावातून निघालेली आणि मधे तीन मालकांनी पिळून काढलेली ती गाडी कोल्हापूरकडच्या एका दलालाकडे मिळाली. पंधरा हजार रुपये, तेही फंडातून काढलेले. दारं नव्हती, हूड फाटलेला होता आणि सीटच्या स्प्रिंगा वर आल्या होत्या. पण मी काही कच्चा गडी नव्हतो. घेण्याआधी काथ्याची दोरी घेऊन चढावरची सगळ्यात अरुंद जागा मोजून आलो होतो. तिथे एका बाजूला कातळाची उभी दरड आणि दुसऱ्या बाजूला माझ्या चुलतभावाचा गडगा, म्हणजे दगडावर दगड रचून केलेलं कुंपण. जीप त्यातून जात होती, दोन्हीकडे चार-चार बोटं राखून. शहरातल्या मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी ती सड्यावर नेऊन आणूनही दाखवली.

गाडी खाली आली तर वडील अंगणात उभे. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी, पायांत वहाणा. "चल," म्हणाले.

"बाबा, थांबा हो," मी म्हटलं. "या सीटवर बसलात तर कंबर धरेल. आधी सीट नीट होऊ दे."

"गोणपाट घाल. मी बसेन."

"नको, नीट जाऊ."

पायरीवर बसून त्यांनी वहाणा काढल्या.

मिस्त्री म्हणाले होते, "सायेब, गाडी चढाला एक नंबर आहे. आता हिला जास्ती हात लावू नका." ते मी ऐकलं, पण गाडी त्यांची नव्हती, माझी होती. सीटला लाल रेक्झिन घातलं. रेक्झिन भिजू नये म्हणून नवा हूड शिवला. हूड वाऱ्यानं फडफडतो म्हणून पत्र्याचं छप्पर केलं. छप्पर आहे आणि दारं नाहीत हे बरं दिसेना, म्हणून काचेची दारं बसवली. एवढ्या ओझ्यानं गाडी पेट्रोल पाण्यासारखं प्यायला लागली, तेव्हा पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं घातलं आणि त्याच्या पासिंगसाठी माझ्याच जातीच्या कारकुनांपुढे, म्हणजे सरकारी कारकुनांपुढे, आठ वेळा उभा राहिलो. डिझेलचं इंजिन जड, म्हणून खालच्या स्प्रिंगांचे पाटे वाढवले. पाटे वाढवल्यावर चाकं बारीक दिसायला लागली, म्हणून रुंद टायर घातले. टायर बाहेर आले म्हणून मडगार्डं रुंद केली. शेवटी आंब्याच्या पेट्यांसाठी मागे लोखंडी पट्ट्यांचा पिंजरा वेल्डिंग करून घेतला, दोन्ही अंगांना वीतभर बाहेर आलेला. पंधरा हजारांची गाडी नीट करायला एकवीस हजार लागले. बायको म्हणाली, "हिचे दागिने तर सगळे झाले. आता केळवण कोणाकडे सांगूया?"

यात दोन वर्षं गेली. माझा प्रत्येक रविवार मिस्त्रींच्या दारातल्या बाकावर जाई, आणि कलमांकडे गडी बघतात, असं मी सगळ्यांना सांगे. त्याच काळात वडिलांची नजर मंदावत गेली. आधी पेपर सुटला, मग अंगणात कोण आलं ते आवाजावरून ओळखू लागले. शहरातल्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला आणि गेलेली नजर परत यायची नाही, हेही सांगितलं. त्याच दिवशी परत येताना मी गाडीला धुक्यात लावायचे पिवळे दिवे घेतले. आमच्याकडे धुकं किती पडतं, ते मला तेव्हाही ठाऊक होतं. लिहिताना आजही मला त्या दिव्यांची लाज वाटते.

माघात गाडी एकदाची नीट झाली. सड्यावर मोहर होता. वडिलांना लाल सीटवर बसवलं आणि निघालो. दोन वर्षांपूर्वीची चार-चार बोटं माझ्या डोक्यात इतकी पक्की बसली होती, की पुन्हा दोरी धरावी असं मनातही आलं नाही. चढावरच्या त्या अरुंद जागी गाडीचं तोंड शिरलं, दारं शिरली आणि मागचा पिंजरा खाडकन अडकला. पुढे जाईना. मागे घ्यावी तर पिंजऱ्याचा कोपरा गडग्यात रुतलेला. डावं दार दरडीला लागलेलं, उजवं गडग्याला, मागे पिंजरा, वर पत्रा. छत्तीस हजार खर्चून मी वडिलांना आणि मला एका डब्यात बंद केलं होतं.

गडग्याचे चार दगड काढले असते तर सुटलो असतो. पण त्याच गडग्यावरून चुलतभावाचा नि माझा हातभर जमिनीचा दावा अकरा वर्षं कोर्टात चालू होता. दोन्ही वकिलांची ताकीद होती, की दगडाला हात लावायचा नाही. अकरा वर्षं आम्ही एकमेकांशी बोललोही नव्हतो. आणि इंजिनाचा आवाज ऐकून, वर आमच्या कलमांना लागून असलेल्या आपल्या बागेतून तोच खाली आला, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, काळा, काटक. गडग्यापलीकडे उभा राहून त्यानं गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. तो हसला असता तर बरं झालं असतं.

"आत कोण?" त्यानं विचारलं.

"मी रे," वडील म्हणाले.

त्यानं कोयता खाली ठेवला आणि गडग्याचे दगड उचलून बाजूला टाकायला सुरुवात केली. आणि मी, काच खाली करून, काय म्हणालो असेन? म्हणालो, "अरे, दावा चालू आहे!"

"दावा तुझ्याशी. काकांशी नाय," तो मान वर न करता म्हणाला.

दार उघडण्याइतकी जागा झाल्यावर मी आधी बाहेर पडलो. माझ्या बाजूनं सरकवत त्यानं वडिलांना बाहेर घेतलं आणि पाठ वाकवून म्हणाला, "काका, या पाठीवर." डोलीला नको म्हणणारे वडील मुकाट्यानं त्याच्या गळ्यात हात टाकून बसले. त्यानं उरलेला चढ दोनदाच थांबून चढला. मी मागून गाडीची किल्ली हातात घेऊन चाललो होतो.

वर त्यानं त्यांना पहिल्या कलमापाशी उतरवलं. वडिलांनी खोडाला हात लावला, वर खाली फिरवला आणि मला विचारलं, "हे कुठलं रे?"

"हापूस," मी म्हणालो.

साठच्या साठ हापूस होती. वडिलांना एकेक कलम वेगळं माहीत होतं. मी मात्र दोन वर्षं तिकडे फिरकलोच नव्हतो. मी खोडाकडे बघत राहिलो, पण सांगण्यासारखं मला काही दिसेना.

चुलतभावानं वडिलांचं कोपर धरलं. "काका, ह्या कलम तुमच्या दुसऱ्या सुरुंगातला. गेल्या पावसात ह्याची दर्याकडची फांदी मोडली. औंदा मोहर सगळा वरल्या अंगाला हाय. आता चार पावलं चला, पुढचा दाखवतो."

गडग्यापलीकडून तो इतकी वर्षं आमची कलमं बघत होता. वडील "हो का?", "मग?", "आणि त्याच्या पलीकडचं?" असं विचारत त्याच्याबरोबर गेले. साठ कलमं होईपर्यंत दोघे फिरत होते. त्यात वडिलांनी मला पुन्हा काही विचारलं नाही.