राखलेलं तण

उंद्रीच्या फाट्यावर एसटीतून उतरले तेव्हाच लांबून दिसलं, बाया वावरात वाकल्या होत्या. त्यांना मीच बोलावलं होतं. पण त्या ज्या बाजूला होत्या तिथं त्यांनी असायला नको होतं. मी चपला हातात घेतल्या आणि चिखलातून पळत सुटले.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी सगळीकडे सांगते, इथेही सांगते. बी.एस्सी. झाले, एम.एस्सी.ला लागले आणि संशोधनाला सोयाबीनमधलं तण हा विषय मिळाला. बापाच्या नावावर वावर नाही, म्हणून ओळखीतल्या एका काकांनी सडकेकाठचा तुकडा दिला. त्यात पट्टे आखले. काहींवर तणनाशक, काहींत बायांच्या हातानं निंदण, आणि तीन पट्ट्यांना हातच लावायचा नाही. तिथं तण खुशाल वाढू द्यायचं. बाकी सगळ्यांची तुलना त्या तिन्हींशी, त्यामुळे ते नसतील तर बाकीच्यांचाही उपयोग नाही. त्यांच्या खुंट्यांना मी लाल चिंध्या बांधून ठेवल्या होत्या.

पोचले तेव्हा दोन पट्टे लख्ख झालेले. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उपटलेल्या तणाचे ढीग. सडकेला लागून असलेल्या तिसऱ्यात बाया शिरतच होत्या.

"मावशी, थांबा! हात नका लावू!"

मावशी त्या बायांची म्होरकी. तिनं खुरपं काही खाली ठेवलं नाही. "काऊन वं? काकानं सांगतलं, साफ करा."

"आणि मी काल काय सांगितलं होतं?"

"तू सांगतलं तं होतं. पर इतकं तण सोडून कोणी घरी जाते का बाप्पा? सडकेनं जाणारा म्हणन, कोण्या आळशी बाया आल्त्या निंदाले. तुह्या मायनं सोडलं असतं का?"

माझी आई जन्मभर निंदायला गेली. तिनंही सोडलं नसतं. मी तिसऱ्या पट्ट्यात जाऊन गुडघाभर तणात उभी राहिले आणि तिथूनच माझ्या संशोधनाच्या गाइड सरांना फोन लावला.

"एक तरी वाचव," सर म्हणाले. "कसंतरी भागवू. तोही गेला तर या वर्षाचं काहीच धरता येणार नाही. पुढच्या खरिपात पुन्हा पेरावं लागेल."

पुढचं खरीप मला मिळणार नव्हतं. बापानं घरी स्पष्ट सांगितलं होतं, एवढं वर्ष शिक, मग नाही.

तेवढ्यात काका आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, टोपी. मी समजायचं ते समजले.

"हो बाजूले, बाई. दुपारी पावणे येऊन राह्यले."

काकांच्या मुलाची सोयरीक जमत नव्हती. पोरगा शेती करतो म्हणून आधी नकार आले होते. आता एका मुलीचा बाप वावर पाहायला येत होता, आणि सडकेवरून पहिला दिसणारा तुकडा हाच.

"काका, हा एकच राह्यला."

"एकच तं दिसते! तो म्हणन, या घरचे लोक वावरात जातच नाहीत. लेक देईन का मंग?"

"मी सांगते त्यांना."

"काय सांगशीन? आमी तण पेरलं म्हून?"

बाया फिसकन हसल्या. आम्ही दोघं नाही हसलो. वावर काकांचं होतं, पण मला शब्दही त्यांनीच दिला होता. मी पाय हलवले नाहीत. ते पट्ट्याकडे पाहत राहिले, मग सडकेकडे, मग परत पट्ट्याकडे. शेवटी मावशीला म्हणाले, "याचे चारी काठ घासून काढा. एक काडी बाहेर दिसू नये. तण ठेवायचंच तं नीट ठेवा."

मावशीनं माझ्या हातात दोरीचं टोक दिलं. "धर वं म्याडम. शिकली तं हायेस, दोरी तरी सरळ धर." दोरीच्या रेषेत बायांनी तणाचे काठ असे कोरले की ते कोणी मुद्दाम लावल्यासारखं दिसायला लागलं. शेवटचा कोपरा चालू असतानाच गाडी आली.

मुलीचा बाप उतरला तो थेट तणापाशीच गेला. वाकून एक रोप उपटलं, मूळ पाहिलं. "हे काऊन सोडलं?"

मी तोंड उघडायच्या आत काका बोलले. "मुद्दाम सोडलं. या पोरीची परीक्षा हाये त्याच्यावर."

पाहुण्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. सगळा चिखलच. "तण वाढवून परीक्षा?"

मी जमेल तेवढ्या साध्या शब्दांत सांगितलं. तो "हं" म्हणाला. विहीर पाहिली, बैल पाहिले, चहा घेतला. "कळवतो," म्हणाला आणि गेला.

सोयाबीन कापणीला आलं तेव्हा त्या पट्ट्यातलं तण उपटून आम्ही वजन केलं. काट्याचा हूक काकांनी धरला होता. पाहुण्याचा फोन आला नव्हता.

"हे तुह्या पुस्तकात येईन?"

"येईल."

"माह्यं नाव? ह्या बायांचं?"

"नाही काका. 'शेतकऱ्याच्या शेतावर' एवढंच लिहितात. आणि निंदणाला 'हाताने दोन वेळा'."

त्यांच्या खिशातला मोबाईल वाजला. हूक हलला. त्यांनी नंबर पाहिला, "पावण्याचा हाये," म्हणाले, आणि फोन न उचलता परत खिशात टाकला.

"मंग वजन तरी बराबर लिही," ते म्हणाले, आणि काटा हलू नये म्हणून हूक दोन्ही हातांनी धरला.