मातीच्या बैलांची जोडी

पार्सिपनीच्या आमच्या घरात जिन्याखाली एक कपाट आहे. त्यातल्या वस्तू वापरायच्या नसतात, द्यायच्या असतात. कुणाची वास्तुशांत निघते, कुणाच्या मुलाचं ग्रॅज्युएशन. रिकाम्या हाताने जायचं नाही, म्हणून आम्हाला मिळालेल्या भेटींपैकी जे जास्तीचं, ते तिथे जातं. प्रत्येक खोक्याच्या तळाशी मी चिठ्ठी चिकटवतो: कुणाकडून आणि कशानिमित्त. ज्याने दिलं त्याच्याच घरी ते परत जाऊ नये, एवढीच खबरदारी. "तुझ्या नवऱ्याने कपाटाचंसुद्धा सॉफ्टवेअर केलंय गं," असं बायकोच्या मैत्रिणी म्हणत, आणि मला ते कौतुकच वाटे.

गेल्या वर्षी दसऱ्याला मुलगी घरी आली होती. ती फिलाडेल्फियातल्या एका शाळेत चित्रकला शिकवते. इंजिनिअरिंग अर्धवट सोडून तिने हे निवडलं, तेव्हा मी विरोध केला नाही. मात्र त्यानंतर त्याविषयी कधी विचारलंही नाही. याला मी समंजसपणा समजत होतो.

तिने माझ्यासमोर एक खोकं ठेवलं. मी सांता क्लाराच्या टीमबरोबर कॉलवर होतो. एका हाताने झाकण उघडलं. आत पेरूच्या डोंगराळ मुलखातले दोन मातीचे बैल होते. टपोरे डोळे, नाकपुडीकडे वळलेली जीभ, अंगभर पांढऱ्या आणि तांबड्या रंगाची वळणं.

"गेस कर ना बाबा, हेच का आणले?"

"छान आहेत गं," मी म्हणालो. "एवढा कॉल होऊ दे."

कॉल संपला तेव्हा ती आईबरोबर स्वयंपाकघरात होती, आणि मला दुसरा कॉल होता. ती परत गेल्यावर मी खोकं बंद करून जिन्याखाली ठेवलं. ठेवण्याआधी नेहमीच्या सवयीने चिठ्ठी लावली: "लेकीकडून, दसरा."

हिवाळ्यात एका मित्राची वास्तुशांत आली. पत्नी तिच्या आईच्या आजारपणासाठी पुण्याला गेली होती. निघायला उशीर झाला होता. मी कपाटातलं हाताला लागलेलं खोकं उचललं, त्यावर कागद गुंडाळला आणि गाडीत ठेवलं. चिठ्ठी काढायची राहिली. ती वाचली असती तरी थांबलो असतो का, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. उत्तर खात्रीने देता येत नाही, आणि तेच मला अधिक लाजिरवाणं वाटतं.

या वर्षी गणपतीत मुलगी त्या मित्राकडे दर्शनाला गेली. संध्याकाळी मित्राच्या पत्नीचा फोन आला. ती हसतच सुरू झाली.

"अहो भाऊजी, गंमतच झाली! शोकेसमधले बैल बघून ही विचारते, काकू, हे कुठून आणले? म्हटलं, तुझ्या बाबांनीच दिलेत की! खोकंसुद्धा जपून ठेवलंय म्हणून दाखवायला आणलं, तर खाली तुमच्या अक्षरात चिठ्ठी. वाचली तिने घडाघडा. मराठी छान वाचते हो!" मग तिचा आवाज उतरला. "पण नंतर मोदक नाही घेतला तिने. पर्स उचलली आणि निघालीच."

ती आमच्याकडे आली नाही. परस्पर फिलाडेल्फियाला गेल्याचा मेसेज तेवढा आला.

बैलच का, हे मला पत्नीने सांगितलं. मुलगी पाच वर्षांची असताना मी तिला रोज एक गोष्ट सांगत असे म्हणे. आमच्या साताऱ्याकडे बेंदराला, म्हणजे पोळ्यासारख्या बैलांच्या सणाला, कुंभार मातीचे बैल घरी आणून देई. एका वर्षी माझ्या हातून एकाचं शिंग मोडलं. सण होता, घरात पुरणपोळी होती, पण मी जेवलो नाही. "मग बाबा, मग काय झालं?" असं ती रोज विचारत असे. मला शिंग आठवत होतं. तिला हे सांगितल्याचं मात्र आठवत नव्हतं. "एका दुकानात हे बैल दिसले तेव्हा तिने मला लगेच फोन केला होता," पत्नी म्हणाली. "बाबाला कधी देते असं झालं होतं तिला."

मित्राकडे बैल परत मागण्याचं धैर्य मला झालं नाही. मी दुसरी जोडी शोधायला लागलो. हेतू चांगला नव्हता, हे इथे कबूल करतो. तशीच जोडी बैठकीत मांडायची, फोटो पाठवायचा आणि काही न बोलता सगळं पूर्ववत करून घ्यायचं, असं माझ्या मनात होतं.

ऑक्टोबरात जवळच्या गावात रस्त्यावर बाजार भरला. तिथे पेरूच्या एका बाईंचा स्टॉल होता. दोरीवर अल्पाकाच्या लोकरीच्या शाली होत्या, टेबलावर चांदीची कर्णफुलं, आणि मागच्या फळीवर बैल. माझ्याच वयाच्या असतील त्या. मी जोडी उचलली तेव्हा त्यांनी मोडक्या इंग्रजीत विचारलं, "कुणाच्या घरासाठी?"

"माझ्याच."

त्या हसल्या. "आमच्याकडे घराचं छप्पर पूर्ण झालं की हे वर बसवतात, घर सांभाळायला. पण घरमालक ते विकत घेत नाही. जवळचं माणूस आणून देतं. तुमचं आहे ना कुणी जवळचं?"

"आहे," मी म्हणालो. "तिने दिले होते."

"मग ते कुठे गेले?"

परक्या बाईला मी ते सगळं सांगितलं. शेवटी त्यांनी माझ्या हातातली जोडी घेऊन फळीवर ठेवली आणि म्हणाल्या, "तिला फोन करा, मिस्टर. माझ्याकडून शाल घ्या, कर्णफुलं घ्या. हे मी तुम्हाला देणार नाही."

पार्किंगमध्ये गाडीत बसून मी मुलीला फोन लावला. जे केलं ते क्रमाने सांगितलं. आज जे करायला आलो होतो तेही.

"बैल दिलेस त्याचं मला इतकं नाही, बाबा," ती म्हणाली. "तुला माहीत नव्हतं, आय गेट इट. पण तू चिठ्ठी लिहिलीस. तू मला लिस्टमध्ये टाकलंस. विथ ऑल द काकाज अँड काकूज."

"चुकलं माझं."

"हो."

"थँक्सगिव्हिंगला येशील? आई वाट बघतेय."

"आईशी मी बोलेन." मग ती म्हणाली, "या वर्षी नको, बाबा."

मला आणखी बोलायचं होतं. तिच्या शाळेविषयी विचारायचं होतं. मुलं किती वर्षांची असतात, त्यांना काय शिकवते. इतक्या वर्षांत न विचारलेलं आज विचारलं तर ती ते माझी भरपाई समजेल, म्हणून मी गप्प राहिलो. ती वाट पाहत होती, हे मला नंतर जाणवलं.

"थँक यू फॉर कॉलिंग, बाबा," ती म्हणाली. नातेवाईकांचा फोन आला की ठेवण्याआधी असं म्हणायचं, हे मीच तिला लहानपणी शिकवलं होतं.