खंडेनवमीची टाकी

‘यंत्र चालते तोवर जीवन चालते’ असं आमच्या कारखान्याच्या दारावर हातभर अक्षरांत रंगवलेलं होतं. खंडेनवमीला मात्र तेच यंत्र पूजेसाठी बंद ठेवीत.

साठीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. दौंडजवळ काही बागायतदारांनी मिळून औषधाचा छोटा कारखाना काढला होता. साखरेच्या पाण्यात बुरशी वाढवायची आणि तिच्यापासून औषध काढायचं. मी शिरूरच्या मिशन दवाखान्यात सूक्ष्मदर्शक हाताळायला शिकलो होतो. तेवढ्या भांडवलावर इथं लागलो. केमिस्ट साहेब मुंबईचे, कच्च्या नोकरीवरचे, घरी तान्हं मूल. पहिली टाकी नीट उतरली तर कायम करू, असं अध्यक्षांनी त्यांना सांगितलं होतं.

टाकीत एक पातं सारखं फिरे, त्यानं बुरशीला हवा मिळे. फोरमन आप्पा रेल्वेच्या लोको शेडमधून निवृत्त झालेले. त्यांनी सकाळीच पातं थांबवलं आणि टाकीला झेंडूची माळ घातली.

“आप्पा, आत जीव आहे. गुदमरेल,” साहेब म्हणाले.

“वर्सातनं एक दिस इसावा न्हाई दिला तर यंत्र कोपतं, साहेब. धा मिनिटांत उरकतो.”

पण अध्यक्षांशिवाय नारळ कसा फोडायचा? अध्यक्ष जेवून, वामकुक्षी आटोपून आले.

साहेबांचा चेहरा बघून आप्पांनी धीर दिला. “लेट झालेली गाडी पुढच्या टप्प्यात टाइम भरून काढती. बघाच आता.” साहेब नको नको म्हणत असताना त्यांनी पट्टा मोटरीच्या मोठ्या चाकावर चढवला. पातं दुप्पट वेगानं घोंघावू लागलं. थोड्या वेळानं टाकीच्या काचेपर्यंत पांढराशुभ्र फेस चढला.

“बघा, कसं उसळतंय!” अध्यक्षांनी तिथंच भाषण केलं आणि साहेबांना कायम केल्याचं जाहीर केलं. टाळ्या झाल्या.

संध्याकाळी मी टाकीतला थेंब सूक्ष्मदर्शकाच्या काचेवर घेतला. एरवी बुरशीचे लांब, फाटे फुटलेले तंतू दिसत, मेथीच्या मुळांसारखे. आज नुसता चुरा होता. रिकामी टरफलं, आणि आतलं सगळं बाहेर सांडलेलं. मी भिंग पुसलं, दुसरा थेंब घेतला. तेच.

साहेबांनी डोळा लावला तो बराच वेळ काढला नाही.

“गुदमरलेली कदाचित सावरली असती,” ते म्हणाले. “एवढ्या वेगात पात्याच्या टोकाशी पाणीच तंतूला दोन बाजूंनी ओढतं. आपण तिला तोडलं.”

पाणी बुडवतं, हे घोडनदीकाठी वाढलेल्याला सांगावं लागत नाही. पाणी तोडतं, हे मला ठाऊक नव्हतं. त्या रात्री तांब्यातलं पाणी पितानाही मी थबकलो.

दसऱ्याचं सोनं द्यायला आम्ही अध्यक्षांकडे गेलो. साहेबांनी आपट्याची पानं हातात ठेवली आणि सांगून टाकलं, “आबा, टाकी मेली.”

“मेलेलं असं उसळतं व्हय?”

“तो फेस तिच्या पोटातलाच होता.”

अध्यक्षांचा हात पानांसकट तसाच राहिला. “म्हंजी मी भाषण करत हुतो तवा...?”

“तेव्हा ती मरत होती.”

आतून कुणीतरी चहा आणून ठेवला. तो कुणी उचलला नाही.

“चार लोकांत शब्द दिलाय,” शेवटी अध्यक्ष म्हणाले. “बुरशी मेली म्हून माझा शब्द मरायचा न्हाई. तुम्ही कायम.”

टाकी मागच्या ओढ्यात रिकामी केली. साहेब कायम झाले. कारखाना होळीपर्यंत चालला.